बायोप्सीचा तुकडा काचेवर येईपर्यंत, आणि आल्यावर

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता)

मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे. शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचं निदान करणं हे माझं रोजचं काम. रिपोर्टवर सही आमची असते, पण रुग्णाची आणि आमची भेट सहसा होत नाही. त्यामुळे तुकडा काढल्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंत काय काय घडतं, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुकडा यंत्रात घातला की रिपोर्ट छापून बाहेर येतो, असा समज सर्रास आढळतो. मग चौथ्या दिवशी नातेवाईक विचारतात, "एवढा वेळ का?" काळजीत असलेल्या माणसाने हे विचारणं अगदी रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुकडा शरीरापासून सुटला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि पेशीतलीच विकरं पेशीला पचवायला लागतात. ते थांबवायचं तर तुकडा लगेच फॉर्मलीनमध्ये, म्हणजे पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या द्रवात, पडला पाहिजे. आपण वापरतो ते १० टक्के फॉर्मलीन, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. हा उपयोग फर्डिनांड ब्लुम या जर्मन डॉक्टरच्या लक्षात आला १८९३ साली. जंतुनाशक म्हणून फॉर्मलीनवर काम करताना त्याच्या स्वतःच्याच बोटांची कातडी कडक झाली होती! सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, अजून आपण तेच वापरतो.

फॉर्मलीन आत झिरपायला वेळ घेतं. ढोबळ हिशेब तासाला १ मिमी. सुईने काढलेला बारीक तुकडा काही तासांत तयार होतो, पण अख्खा स्तन किंवा आतड्याचा भाग तसाच बरणीत टाकून ठेवला तर बाहेरून कडक आणि आतून कुजलेला निघतो. म्हणून मोठा अवयव आधी चिरून ठेवावा लागतो, आणि द्रव तुकड्याच्या निदान दहापट तरी हवा. स्तनाच्या कर्करोगात हॉर्मोन रिसेप्टरच्या (पेशीवर हॉर्मोन जिथे चिकटतं त्या प्रथिनांच्या) तपासण्या पुढे करायच्या असतात. त्यासाठी तुकडा फॉर्मलीनमध्ये कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास असावा, असा दंडक आहे. एवढ्यावरूनच कळेल की 'आज काढला, आज रिपोर्ट' हे शक्यही नाही आणि हिताचंही नाही.

मग ग्रॉसिंग. अवयव टेबलावर घेऊन मोजायचा, हाताने चाचपायचा, कापायचा आणि कुठला भाग पुढे न्यायचा ते ठरवायचं. शस्त्रक्रियेत कापलेल्या कडांना आम्ही वेगवेगळ्या रंगांची शाई लावतो, उदाहरणार्थ वरच्या कडेला निळी, खालच्या कडेला काळी. ही शाई सगळ्या रसायनांतून टिकून राहते आणि शेवटी काचेवर पेशींच्या कडेला रंगीत रेघेसारखी दिसते. कर्करोगाची पेशी त्या शाईला टेकली असेल तर कड मोकळी नाही, म्हणजे रोग मागे राहिला असण्याची शक्यता आहे. तुमच्या रिपोर्टमधलं 'मार्जिन' म्हणजे ही रेघ.

निवडलेले ३-४ मिमी जाडीचे काप प्लॅस्टिकच्या जाळीदार कॅसेटमध्ये घालून रात्रभर यंत्रात ठेवतात. चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढायचं, झायलीनने अल्कोहोल काढायचं, मग वितळलेलं पॅराफिन मेण आत मुरवायचं. सकाळी त्याचा मेणाचा ब्लॉक करायचा आणि मायक्रोटोम या पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर ३ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छेद घ्यायचे. तांबडी रक्तपेशी साधारण ७ मायक्रॉनची असते, म्हणजे छेद तिच्याहूनही पातळ.

असा छेद जवळजवळ रंगहीन असतो. त्याला हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग देतात. पहिला मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतो, त्याला तुरटीची जोड दिली की केंद्रकं निळी-जांभळी होतात. दुसरा कृत्रिम रंग, त्याने बाकीचा भाग गुलाबी होतो. ही जोडी १८७० च्या दशकापासून वापरात आहे आणि आजही बहुतांश निदान या दोन रंगांवरच होतं.

मला मुख्यतः सांगायचं आहे ते पुढेच आहे. एवढं सगळं नीट झालं तरी निदान फक्त काचेवर नसतं. अर्धं निदान तुकड्याबरोबर आलेल्या अर्जावर असतं. वय, तुकडा नेमका कुठून घेतला, किती दिवसांचा त्रास, आधी कुठले उपचार झाले, एक्स-रेत काय दिसलं. हा अर्ज कित्येकदा कोरा येतो, किंवा त्यावर फक्त 'बायोप्सी' एवढंच लिहिलेलं असतं. प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देतो.

---

अवनी_क

खूप दिवसांपासून हवा असलेला धागा. आमचा अनुभव लिहिते. बाबांच्या मानेतली गाठ काढली. रिपोर्ट आला 'ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस'. डॉक्टर म्हणाले, टीबी वाटतोय, पण कुठलं औषध लागू पडेल ते बघायला कल्चर करायला, म्हणजे जंतू वाढवून बघायला हवं, आणि सगळी गाठ तर फॉर्मलीनमध्ये गेली! पुन्हा सुई घालून नमुना घ्यावा लागला. आम्हाला आधी कुणी काही बोललंच नव्हतं. बाबांना दुसऱ्यांदा त्या टेबलावर झोपवताना फार वाईट वाटलं.

---

सूक्ष्मदर्शी

अवनीताई, वाचून वाईट वाटलं, कारण हे टाळता येण्यासारखं होतं. फॉर्मलीन पेशींबरोबर जंतूंनाही मारतं. मेलेला जंतू वाढणार कुठून? म्हणून टीबीची शंका असेल तर गाठ काढतानाच तिचे दोन भाग करायचे. एक फॉर्मलीनमध्ये आमच्याकडे, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये थेट मायक्रोबायोलॉजीकडे. हा निर्णय शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होतो, नंतर नाही.

ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराला संपवता न आलेल्या गोष्टीभोवती पांढऱ्या पेशींनी घातलेला वेढा. टीबीत त्याच्या मध्यभागी बहुधा गुलाबी, दाणेदार, पेशींचा मागमूस न राहिलेला मृत भाग दिसतो आणि कडेला लँगहान्स जायंट सेल, जिची अनेक केंद्रकं घोड्याच्या नालासारखी मांडलेली असतात. पण ग्रॅन्युलोमा सार्कॉइडोसिस नावाच्या आजारात होतो, बुरशीने होतो, शरीरात राहिलेल्या टाक्याच्या दोऱ्यानेही होतो. म्हणून आम्ही 'टीबी' असं ठोकून न लिहिता ग्रॅन्युलोमा लिहितो आणि खास रंग देऊन जंतू शोधतो. गाठीत टीबीचे जंतू फार थोडे असतात. त्यामुळे झील-नील्सन या टीबीच्या जंतूसाठीच्या खास रंगात जंतू दिसला नाही, म्हणजे टीबी नाही, असा अर्थ कधीच काढू नका.

---

मेणब्लॉक

मी टेक्निशियन आहे. डॉक्टरांनी आमचं काम एका ओळीत उरकलं, म्हणून थोडी भर घालतो. :)

ब्लॉक आधी बर्फावर थंड करतो. मेण आणि ऊती दोन्ही सारखे कडक झाले तरच छेद सलग येतो. मायक्रोटोमचं चाक फिरवलं की छेद एकमेकांना चिकटून फीत तयार होते. ती हळूच उचलून कोमट पाण्यावर सोडायची. पाणी मेणाच्या वितळबिंदूपेक्षा थोडं थंड हवं. जास्त गरम झालं तर छेद फाकतो आणि पेशी एकमेकींपासून सुटतात, थंड राहिलं तर घड्या उलगडत नाहीत. मग काचपट्टी पाण्यात तिरपी बुडवून छेद तिच्यावर अलगद घ्यायचा. यातलं बरंचसं हाताला कळतं, पुस्तकात सापडत नाही.

पाण्याचा पृष्ठभाग प्रत्येक ब्लॉकनंतर टिपकागदाने साफ करावाच लागतो. नाहीतर आधीच्या रुग्णाचा एखादा कण पुढच्याच्या काचेवर चढतो. आम्ही त्याला 'फ्लोटर' म्हणतो. जठराच्या साध्या बायोप्सीवर दुसऱ्याच कुणाच्या कर्करोगाचा कण येऊन बसला तर काय होईल, विचार करा.

हाडाचा तुकडा असेल तर आधी आम्लात किंवा ईडीटीए या कॅल्शियम ओढून घेणाऱ्या रसायनात ठेवून कॅल्शियम काढावं लागतं. ईडीटीएला कित्येक दिवस लागतात. आम्लाने घाई केली तर केंद्रकं रंग घेत नाहीत आणि डीएनएच्या तपासण्या बाद होतात. हाडाचा रिपोर्ट उशिरा येतो तो यामुळे.

---

जिज्ञासू

फ्लोटर आला तर तो ओळखता कसा?

---

सूक्ष्मदर्शी

बहुतेकदा तो बाकीच्या तुकड्यापासून सुटा पडलेला असतो, वेगळ्याच पातळीवर फोकस होतो आणि भोवतालच्या पेशींशी त्याचं काही नातं दिसत नाही. शंका आली की त्याच ब्लॉकचे आणखी खोलवरचे छेद मागवायचे. कण पाण्यातून आलेला असेल तर पुढच्या छेदांत तो नसतो. तरी निभावलं नाही तर त्या कणाचा डीएनए रुग्णाच्या डीएनएशी ताडून बघता येतो.

---

शल्यक

सर्जन म्हणून लिहितो. शस्त्रक्रिया चालू असतानाच उत्तर हवं असतं तेव्हा फ्रोझन सेक्शन पाठवतो. तुकडा फॉर्मलीनमध्ये न घालता ताजा जातो, उणे २० अंशांच्या आसपास गोठवून कापतात आणि साधारण वीस मिनिटांत फोन येतो. लुई विल्सन यांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९०५ साली ही पद्धत रुळवली, विल्यम मेयो यांनीच त्यांच्याकडे तशी मागणी केली होती.

नातेवाईकांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. हे उत्तर कामचलाऊ असतं. कड मोकळी आहे का, लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथीत) रोग पोचलाय का, पोट उघडं ठेवून पुढे जायचं की थांबायचं, एवढ्यापुरतं. पक्का रिपोर्ट मेणातल्या छेदावरच. "ऑपरेशनमध्ये साधी गाठ म्हणाले आणि आता कर्करोग म्हणतात" अशी तक्रार येते, तेव्हा त्यामागे बहुधा हेच असतं.

अर्जाबद्दल सूक्ष्मदर्शींशी पूर्ण सहमत. आमच्या घाईत तो ज्युनिअरकडून भरला जातो आणि त्याला सगळी हकिकत माहीत नसते. आमच्या बाजूने हे सुधारायलाच हवं.

---

सूक्ष्मदर्शी

शल्यक, मोकळेपणाने लिहिलंत, आभार. फ्रोझनमध्ये पाण्याचे बर्फकण होऊन पेशींत पोकळ्या पडतात, केंद्रकं फुगलेली दिसतात. चरबी त्या तापमानाला नीट गोठतच नाही, हाड कापता येत नाही. पाच जागांचे छेद बघायची सवड नसते. म्हणून शंका असेल तर "पक्क्या छेदांपर्यंत थांबा" हे उत्तर फोनवर देणं योग्यच आहे, आणि सर्जनने ते मान्य करणंही.

---

रेवा

मूळ प्रश्न राहिलाच. तुम्ही काचेवर *बघता* म्हणजे नक्की काय बघता? कर्करोगाची पेशी कशी ओळखता? मला सगळं जांभळं-गुलाबीच दिसतं.

---

सूक्ष्मदर्शी

रेवा, या प्रश्नाची वाटच बघत होतो. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) सुई-बायोप्सीचं एकच उदाहरण घेतो, कारण त्यात सगळं येतं.

आधी सर्वांत कमी शक्तीचं भिंग लावायचं. टेकडीवरून गावाची वस्ती पाहावी तशी आधी मांडणी बघायची. निरोगी प्रोस्टेटच्या ग्रंथी मोठ्या, वळणदार कडांच्या आणि एकमेकींपासून अंतर राखून असतात. कर्करोगाच्या ग्रंथी लहान, गोल, ताठ कडांच्या असतात आणि निरोगी ग्रंथींच्या मधल्या जागेत घुसलेल्या दिसतात. तिथेच संशय येतो.

मग भिंगाची शक्ती वाढवायची. निरोगी ग्रंथीला पेशींचे दोन थर असतात. आतला स्राव तयार करणारा, बाहेरचा चपट्या बेसल पेशींचा. कर्करोगात बाहेरचा थर नाहीसा होतो. शिवाय केंद्रकं मोठी होतात आणि त्यांच्यात ठळक न्यूक्लिओलस, म्हणजे केंद्रकातला गडद ठिपका, दिसतो. नसेच्या तंतूला वेढून बसलेली ग्रंथी दिसली तर संशय फार बळावतो.

तरी बेसल थर खरोखर गेलाय की नुसता दबलाय, हे दोन रंगांत कधीकधी कळत नाही. तेव्हा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करायची. एखाद्या विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडं छेदावर सोडतात आणि ती जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग उमटवतात. प्रतिपिंडांना चकाकणारा रंग जोडून ऊतींमध्ये शोध घ्यायची मूळ कल्पना अल्बर्ट कून्स यांची, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीची. प्रोस्टेटमध्ये पी-६३ नावाचं प्रथिन शोधतो. निरोगी ग्रंथीभोवती तपकिरी ठिपक्यांचं कडं दिसतं. संशयित ग्रंथींभोवती ते मुळीच नसेल आणि बाकी लक्षणंही जुळत असतील, तर निदान पक्कं.

मग ग्रेड. डोनाल्ड ग्लीसन यांची १९६६ मधली पद्धत आजही, सुधारणांसह, वापरात आहे. तिच्यात केंद्रकांचं रूप विचारातच घेत नाहीत, फक्त ग्रंथींची मांडणी बघतात. रिपोर्टमध्ये '३+४' असतं तेव्हा पहिला आकडा जास्त पसरलेल्या नमुन्याचा. म्हणून ३+४ आणि ४+३ यांची बेरीज ७ च असली तरी दोन्ही सारखे नाहीत. आकडा मोठा तितकी मांडणी जास्त बिघडलेली, म्हणून ४+३ जास्त आक्रमक. हल्ली शेजारी १ ते ५ असा ग्रेड ग्रुपही देतात, त्यात हे अनुक्रमे २ आणि ३ होतात. घरात कुणाचा रिपोर्ट असेल तर बेरजेवर थांबू नका, क्रम बघा.

आता अर्जाकडे पुन्हा येतो. समजा याच रुग्णाने पूर्वी रेडिएशन घेतलंय आणि अर्जावर ते नाही. रेडिएशनने निरोगी पेशींची केंद्रकंही मोठी, वेडीवाकडी, भयंकर दिसायला लागतात. हाडात तर याहून अवघड. मोडलेलं हाड सांधत असताना तयार होणारं नवं हाड आणि ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, लहानशा तुकड्यात एकमेकांसारखे दिसू शकतात. एक्स-रे न बघता हाडाच्या गाठीचं निदान करू नये, हे आम्हाला शिकताना बजावून सांगतात. तरुण मुलाचा पाय वाचणार की जाणार, हे त्यावर ठरतं. 'तीन आठवड्यांपूर्वी पडला होता' एवढं एक वाक्य अर्जावर असेल तर पॅथॉलॉजिस्ट योग्य ठिकाणी थबकतो.

---

उन्मेष_

मग यात मतभेद होतातच ना? आईच्या स्तनाच्या बायोप्सीचे दोन रिपोर्ट आले. एक म्हणतो 'ॲटिपिकल डक्टल हायपरप्लेसिया' (दूधनलिकेतल्या पेशींची वेगळी वाटणारी वाढ), दुसरा म्हणतो 'डीसीआयएस, लो ग्रेड' (नलिकेच्या आतच असलेला, सौम्य प्रतीचा कर्करोग). एकाच तुकड्याचे! आम्ही कुणाचं ऐकायचं?

---

सूक्ष्मदर्शी

उन्मेष, घाबरू नका. दोघांनी काचेवर बहुधा एकच गोष्ट पाहिली आहे. या दोन निदानांत पेशी सारख्याच दिसतात, फरक मुख्यतः व्याप्तीचा असतो. प्रचलित निकषांनुसार असा बदल दोन नलिका पूर्ण व्यापत असेल किंवा २ मिमीहून मोठा असेल तर डीसीआयएस, त्याहून कमी तर ॲटिपिकल हायपरप्लेसिया. ही रेघ माणसांनी आखलेली आहे, शरीराला ती माहीत नाही. २ मिमीच्या आसपास दोन अनुभवी माणसं दोन बाजूंना उभी राहू शकतात.

महत्त्वाचं हे की दोन्हींत पेशी नलिकेच्या आतच आहेत, बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे नलिकेभोवतीचा पातळ पडदा, ओलांडून बाहेर गेलेल्या नाहीत. आणि सुईच्या तुकड्यावर यातलं काहीही आलं तरी बहुधा तो भाग काढून पूर्ण तपासायचा सल्ला दिला जातो. म्हणजे पुढचं पाऊल बहुतेक एकच. सर्जनना दोन्ही रिपोर्ट एकत्र दाखवा, एक लपवून दुसरा दाखवू नका. आणि स्तनाच्याच स्लाइड बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं तिसरं मत जरूर घ्या.

---

जिज्ञासू

हे सगळं आता कृत्रिम बुद्धिमत्ता करेल ना? वाचलं होतं की मान्यताही मिळाली आहे.

---

सूक्ष्मदर्शी

मिळाली आहे. स्लाइड स्कॅन करून पडद्यावर निदान करण्याच्या यंत्रणेला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या संस्थेने) २०१७ मध्ये पहिल्यांदा परवानगी दिली आणि प्रोस्टेटच्या बायोप्सीत संशयित जागा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला २०२१ मध्ये. मला त्याचं स्वागतच आहे. शेकडो ग्रंथींत लपलेल्या तीन संशयित ग्रंथी दमलेल्या डोळ्याला दाखवून देणारं काही असेल तर रुग्णाचा फायदाच आहे. पण स्कॅनरला मेणब्लॉक यांनी काढलेला छेदच लागतो. घडी पडलेला, नीट न मुरलेला छेद सॉफ्टवेअरलाही वाचता येत नाही, आणि ग्रॉसिंगमध्ये जो भाग घेतलाच नाही तो त्याला दिसणारही नाही.

---

चारुता

किडनी बायोप्सीला तीन वेगवेगळ्या बाटल्या का मागतात? माझ्या भाच्याच्या वेळी मागितल्या होत्या आणि रिपोर्टमध्ये पहिल्याच ओळीत 'ग्लोमेरुलाय (किडनीतल्या बारीक गाळण्या) नॉर्मल' असं होतं. मग आजार कसा?

---

सूक्ष्मदर्शी

चारुताताई, फॉर्मलीनमधला तुकडा साध्या सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे चकाकणाऱ्या प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी (तो फॉर्मलीनमध्ये चालत नाही), तिसरा ग्लुटराल्डिहाइडमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. तुमच्या भाच्याचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, पण मुलांमध्ये सूज आणि लघवीतून प्रथिनं जाण्याचं नेहमीचं कारण मिनिमल चेंज डिसीज. त्यात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळं निरोगीच दिसतं. गाळणीच्या भिंतीवरच्या पेशींचे पाय पसरून सपाट झालेले असतात आणि ते फक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला दिसतात. म्हणून 'नॉर्मल' वाचून थांबू नका, शेवटचा निष्कर्ष वाचा. या आजारात बहुतेक मुलं स्टिरॉइडने सुधारतात.

---

मेणब्लॉक

ब्लॉकबद्दल एक राहिलं. लोकांना वाटतं रिपोर्ट झाला की तुकडा फेकून देतात. उरलेला ओला तुकडा काही आठवड्यांनी जातो, पण ब्लॉक वर्षानुवर्षं जपून ठेवतात. १९१८ च्या फ्लूने मेलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या फुफ्फुसाचा ब्लॉक लष्कराच्या पॅथॉलॉजी संस्थेत जवळपास ऐंशी वर्षं पडून होता. जेफ्री टॉबेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी त्यातून त्या विषाणूच्या जनुकांचे तुकडे काढले, १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तो ब्लॉक केला तेव्हा फ्लूचा विषाणू कुणी पाहिलेलाही नव्हता.

---

उन्मेष_

तिसरं मत घ्यायचं ठरवलं. तिथे काय घेऊन जायचं? स्लाइड की ब्लॉक?

---

सूक्ष्मदर्शी

दोन्ही मागा. निदान ज्या स्लाइडवर झालं त्या, आणि ब्लॉक. ब्लॉक असेल तर पुढचे छेद आणि रिसेप्टरच्या तपासण्या तिथे करता येतात. ब्लॉक द्यायला नकार आला तर न रंगवलेल्या स्लाइड मागा, पण त्या लवकर वापरा, कापून ठेवलेल्या छेदांत काही प्रथिनं कालांतराने क्षीण होतात. दोन्ही रिपोर्टच्या प्रती, मॅमोग्राफीचा रिपोर्ट, आणि बायोप्सी कुठल्या बाजूची, स्तनावर घड्याळाची तबकडी कल्पिली तर कुठल्या आकड्याच्या जागी घेतली ते एका कागदावर लिहून जोडा. डबीवरचा क्रमांक आणि रिपोर्टवरचा क्रमांक तिथेच उभं राहून जुळवून घ्या. आणि मेण वितळतं, तेव्हा डबी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नका.